पाहुण्यांसाठी उघडलेली विहीर

दादांच्या कंपनीकडे विहिरी तीन. एक तेल द्यायची, दुसरी गॅस देते असं दादा सांगायचे, आणि तिसरी नकाशात छान दिसायची. एवढ्या शिदोरीवर दादांनी ‘वाढीचं धोरण’ आखलं. म्हणजे बायकोच्या भावाला पगार सुरू केला. मेहुण्याने तेल पाहिलं होतं ते डोक्याला लावण्यापुरतं. पण संगणकाच्या पडद्यावर उत्पादनाची वर-वर जाणारी रेघ काढावी तर त्यानेच.

धोरण सोपं होतं. मोठ्या कंपनीची माणसं पाहणीला येणार, निम्मा हिस्सा विकत घेणार, त्या पैशातून नव्या विहिरी. नाहीच घेतला, तर थकलेल्या कर्जापायी बँक कुलूप घेऊन यायला मोकळी.

“भाऊजी, रेघ जरा झोपलीय,” पाहणीच्या आधी मेहुणा म्हणाला. “तेलाच्या विहिरीचा व्हॉल्व्ह पुरता उघडा. पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत टाकी भरली पाहिजे.”

विहिरींचं काम बघणारी धाकटी बहीण हेल्मेट काखेत मारून दारातच उभी होती.

“दादा, त्या तेलाच्या खाली पाणी आहे. दमानं ओढलं तर तेल येतं. हिसका मारलास तर खालचं पाणी वर चढेल, आणि एकदा चढलं की जाता जात नाही.”

“झाली का सुरू तुझी नकारघंटा! चार दिवसांचा तर प्रश्न आहे, तायडे.”

“आहे तेवढंच दाखव ना. कमी असेल, पण खरं असेल.”

“खरं दाखवायचं तर मला पगार कशाला?” मेहुण्याने प्रामाणिकपणे विचारलं.

बहिणीचं बरोबर आहे हे दादांना कळत होतं. पण कळणं आणि वळणं यांचं दादांच्या घरात पूर्वापार पटत नसे. तिने हात लावायला नकार दिला, म्हणून व्हॉल्व्ह त्यांनी स्वतःच फिरवला. त्या दिवशी टाकी अशी भरली, की संध्याकाळपर्यंत कंपनीचा ‘उद्योगसमूह’ झाला आणि मेहुण्याने तशी कार्डंही छापून आणली.

पाहणीच्या दिवशी मोठ्या कंपनीच्या इंजिनिअरबाईंनी नळाखाली काचेची बाटली धरली, टेबलावर ठेवली आणि वाट पाहत बसल्या. बाटलीतलं सावकाश निवळलं. वर बोटभर तेल, खाली नुसतं पाणी.

“सॅम्पल चुकलं वाटतं,” मेहुणा म्हणाला.

“व्हॉल्व्ह कधी उघडलात?” बाईंनी दादांना विचारलं.

दादांनी मेहुण्याकडे पाहिलं.

“आम्ही येणार म्हटलं की सगळ्या लहान कंपन्या हेच करतात,” बाई उठत म्हणाल्या. “तुमचे जुने आकडे तपासूनच आलो होतो आम्ही. तेवढ्यावर हिस्सा घेणार होतो. आता काय, पाणी विकत घेऊ?”

गाड्या गेल्या. दादा विहिरीपाशी गेले. बहीण व्हॉल्व्ह बंद करत होती.

“तेल परत येईल का गं?”

“सांगता येत नाही. महिनोन्‌महिने हात लावू नकोस, मग बघू.”

“आणि तोवर बँक?”

“बँकेशी तू बोल. तुला छान बोलता येतं.”

दादांनी फोन काढला. पलीकडून मॅनेजर उत्साहाने म्हणाले, “बोला समूहशेठ, कार्ड मिळालं तुमचं!”