येळवशीला रिकामं सापडलेलं गाव

मी एक जुनी सरकारी जीप आहे, आणि आज जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी कुणाचाही विश्वास बसणार नाही. नाही बसला तरी चालेल. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. पण मित्रांनो, एवढी एक गोष्ट मात्र आईशप्पथ खरी आहे.

देवणीला कचेरीच्या मागं, बाभळीखाली मी उभी असते. चाकं गेली, दिवे गेले, बोनेटखाली एक कोंबडी अंडी घालते. शाळा सुटली की तुम्ही माझ्या सीटांवर चढून बसता. पायदानावर बोरांची टोपली घेऊन शिवकांताआजी बसते. तिचं ध्यान माझ्याकडं नसतं, बोरांकडं असतं. निदान मी तसं समजते.

माझ्या मागच्या पत्र्यावर रंग उडून ओरखडे पडलेत, ते पाहिलेत ना? तो वाघाचा पंजा. बिलोलीच्या रस्त्यावर वाघानं झेप घेतली, मी असा भोंगा दिला की तो शेपूट घालून थेट तेलंगणात गेला. पण ते राहू द्या.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यात झाला आणि रेल्वेत बसून मी नांदेडला उतरले. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांच्या कामांवर साहेबलोकांना घेऊन फिरले. माणसांना प्यायला पाणी नव्हतं, तिथं मला कोण देणार? सबंध उन्हाळा मी ताकावर काढला. हसू नका. त्या वर्षी माझ्या धुराला फोडणीचा वास यायचा. दर दसऱ्याला मला झेंडूची माळ पडायची. बोनेटवर कुंकू, चाकाखाली लिंबू, आणि माझा ड्रायव्हर केरबा मला 'लक्ष्मे' म्हणायचा.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला आणि माझी बदली तिकडं झाली. नव्या जिल्ह्याला नव्या खुर्च्या आल्या आणि नियोजनाचे एक नवे साहेब आले. थेट अलिबागचे. जन्मभर समुद्र पाहिलेला माणूस, आणि इथं पाऊस रुसलेला. त्या साली सीमेपलीकडून, बिदरच्या बाजूनं माणसं पोटासाठी येऊ लागली. गाठोडी, गाडगी आणि कडेवर लेकरं. बाहेरून येणाऱ्यांची सोय कशी लावायची, याची योजना साहेबांवर आली. साहेब भले होते. माझ्या बोनेटवर नकाशा पसरून तासन् तास बघत बसायचे. राहतील कुठं, ते ठरलं. कामाला जातील कुठं, ते ठरलं. पण गावात मिसळतील कसे, तिथं त्यांची पेन्सिल अडायची.

अशातच एका सकाळी वरून निरोप आला की शाळेत उतरवलेली कुटुंबं आजच हलवा. साहेबांनी केरबाला हाक मारली.

"आज न्हाई जमायचं साहेब," केरबा म्हणाला. "येळवस हाय."

"डॉक्टरला दाखव," साहेब म्हणाले, आणि माझं चाक स्वतःच्या हाती घेतलं.

मित्रांनो, तुम्ही हसलात, कारण तुम्ही इथले आहात. येळवशीच्या अमावास्येला आपल्याकडं घरात माणूस उरत नाही. सगळ्यांनी शेतात जायचं, कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी करायची, तिथं पूजा मांडायची, भज्जी-भाकरी खायची, आंबील प्यायची आणि वाटेनं दिसेल त्याला बळंच जेवायला बसवायचं. अलिबागच्या माणसाला हे कोण सांगणार? नकाशावर ठरलेल्या गावात आम्ही पोचलो. पाठीमागं माणसांनी भरलेला ट्रक. गल्लीत चिटपाखरू नाही. दारांना नुसत्या कड्या. एक लंगडं कुत्रं भुंकलं आणि तेही कंटाळून बसलं.

"गाव उठून गेलंय," साहेब हळहळले. "दुष्काळानं ओसाड केलं." आणि त्यांच्या डोळ्यांत चमक आली. "म्हणजे घरं आहेत!"

माणसं उतरली. ट्रकवाल्याला दुसरी खेप होती, तो निघून गेला. त्या माणसांत एक तरणी बाई होती, कडेवर तापानं फणफणलेलं लेकरू. तिनं पहिल्या घराचा उंबरा पाहिला. शेणानं ताजा सारवलेला. तिनं चौकटीवर सणासाठी ओढलेलं चुन्याचं बोट पाहिलं. ती काहीतरी बोलणार होती. पण लेकरू कण्हलं. तिनं ओठ मिटले, कडी काढली आणि चूल पेटवली.

दिवस कलला. आणि शिवाराकडून जाळ येताना दिसला. एक नव्हे, ओळच्या ओळ. येळवशीच्या संध्याकाळी कडब्याचे पलिते पेटवून शेताभोवती फिरवतात, तेच घेऊन गाव घरी परतत होतं. आणि गावाला दिसला आपल्याच घरांवरचा धूर.

"कोण हाय रे आत?" पुढं शेषेराव होते. गावात त्यांचा शब्द चालायचा. "भाईर या!"

साहेब आडवे आले. "थांबा! शासनाच्या नोंदीप्रमाणं हे गाव रिकामं आहे."

"मग आमी काय भुतं हाव का?"

कुणी हसलं नाही. पलित्यांच्या ठिणग्या माझ्या टपाच्या कापडावर पडत होत्या आणि माझ्या टाकीत पेट्रोल होतं. आलेले लोक भिंतीला पाठ लावून उभे राहिले. एकानं दगड उचलला. तो कुठल्या बाजूचा होता, ते मला दिसलं नाही.

तेवढ्यात ती तरणी बाई लेकरू घेऊन बाहेर आली. "साहेबाला ठावं नव्हतं. मला ठावं होतं," ती म्हणाली. "आमच्याकडं बी येळवस अस्ती. सारवण बगून कळलं मला. पर लेकरू तापलं हुतं. गप बसले."

घर कोंडाबाईचं होतं. तिच्या डोक्यावर आंबिलीचं बिंदगं तसंच होतं. ती पुढं आली. "माज्या चुलीवर काय ठेवलंस?"

"पाणी."

"पाण्यात काय?"

बाईनं लेकराच्या तोंडावर पदर ओढला.

कोंडाबाईनं बिंदगं खाली उतरवलं. "बस. वाटी काढ. आज कुणाला उपाशी लावून देत न्हाईत."

"आज न्हाई," शेषेराव म्हणाले. "उद्या वाट धरायची. हिरीला तळ दिसाया लागलाय. आमालाच पुरना, ह्यास्नी कुठून पाजू?"

बायका वाढू लागल्या, पण गडी माणसं पलिते घेऊन उभीच. उद्या ही माणसं कुठं जाणार होती? शाळेत परत घेत नव्हते, मागं गावी प्यायला घोट नव्हता. साहेब म्हणाले, "मी लातूरला जातो, पाण्याचा टँकर घेऊनच येतो." पण त्यांना जाऊ कोण देणार? "साहेब पळाला की ही माणसं आमच्या गळ्यात," असं म्हणत चौघं माझ्यापुढं आडवे झाले.

आणि मित्रांनो, इथंच मी इतिहास घडवला! चावी कुणाच्या हातात नव्हती, तरी मी आपली आपण सुरू झाले. दोन्ही दिवे सूर्यासारखे पेटले. माणसाच्या आवाजात मी गरजले, "अरे, भांडता काय! एक व्हा!" सगळे पाया पडले. मग वाऱ्यासारखी लातूरला जाऊन मी टँकर ओढत आणला. ते गाव एक झालं ते माझ्यामुळं. म्हणून बाळांनो, सरकारी वाहनाची काळजी घेत जा, त्याच्यावर दगड मारू नका, आणि वर्षातून एकदा तरी...

"ए डबडे! किती लबाड बोलशील?"

शिवकांताआजीनं बोरांची टोपली बाजूला सारली होती.

"सुरू झाली म्हणं! साहेबानं हँडल मारून मारून हात सोलून घेतला, तू नुसती खोकत राहिलीस. लातूरचा रस्ता वर, गाव खाली. मग आमी मागनं लावला जोर. आमच्या एकट्यानं हालंना, तवा माजं लेकरू शेषेराव दाजीनं घेतलं काखेत आन आडवी झालेली माणसं बी आली ढकलाया. चढाला कोण कुठला, कुणाला कळंना. वर गेल्यावर सुरू झालीस, तवर दाजीच्या खांद्यावर लेकरू निजलं. त्येला उठवून 'जा' कोण म्हणंल?"

पोरं माझ्याकडं पाहू लागली. कोंबडीसुद्धा.

"आन पोरांनो, त्यो वाघाचा पंजा न्हाई." आजीनं मागच्या पत्र्यावर हात फिरवला. "ह्यो कोंडाबाईच्या हातातल्या कड्याचा ओरखडा. आन ह्यो शेजारचा माजा."