न वेचलेला कोपरा

अमरावतीत उझबेकिस्तानचा इतिहास शिकलेलं माणूस एकच होतं, आणि त्या माणसाचं ऐकणारं गावात कोणी नव्हतं.

ललिता भुयार एका कॉलेजात इतिहास शिकवायची. वर्गात मराठेशाही, इंग्रज, सत्तावन्न सालचं बंड. घरी आली, एकटीपुरती भाकर थापून झाली, की फरगाणा खोऱ्यातला कापूस. तिकडच्या कापसानं बायकांच्या जिण्याचं काय केलं, हा तिचा अभ्यास. कोणी विचारलंच तर ती आधी सांगायची, फरगाणा म्हणजे बाबराचा मुलूख. एवढं ऐकलं की माणूस मान डोलवी आणि पुढं बाबरावरच बोलत सुटे. कापूस राहून जाई.

स्टाफरूममध्ये तिची थट्टा रोजचीच.

"काय मॅडम, तुमच्या उझबेकांत यंदा बोंडअळी आली का?" राज्यशास्त्राचे शेखर सर विचारायचे.

"आली असन तर तुमाले कळवते," ती म्हणायची.

"कळवा बरं. आमी इथून फवारा पाठवतो."

हसणं व्हायचं, तीही हसायची. शेखर सर मनानं वाईट नव्हते. पण त्यांच्यासाठी तो देश म्हणजे नकाशावरचा एक ठिपका, आणि ठिपक्याशी किती वेळ बोलणार?

ही ओढ तिला लागली ती अकोल्याच्या जानरावांमुळं. जानराव तरुणपणी ताश्कंदला कापडविद्या शिकून आलेले, पुढं सारा जन्म अकोल्यात निवृत्तीची वाट पाहत काढलेला माणूस. दर रविवारी ललिता बडनेरा-मूर्तिजापूरवरून एसटीनं त्यांच्याकडं जायची आणि रशियन शिकायची. जानराव शिकवता शिकवता तिकडच्या खरबुजांचं वर्णन करायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. त्यांची बायको आतून ओरडायची, "झालं का तुमचं खरबूज? पोरीले चहा तरी पिऊ द्या!" जानराव गेले, त्यांची बायको मुलाकडं नागपूरला गेली, आणि त्या दिवसापासून रशियन बोलायला ललिताला वऱ्हाडात कोणी उरलं नाही. कधी कधी ती भांडी घासताना स्वतःशीच बोलायची. भाषा जिभेवरून उतरू नये म्हणून.

मग तिला गुलनोरा सापडली. फरगाणा खोऱ्यातल्याच मार्गिलान गावची शाळामास्तरीण. ललिताचा एक लेख वाचून तिनंच पत्र धाडलं होतं. म्हाताऱ्या बायकांचं बोलणं ती उझबेकीत टिपायची आणि खाली रशियन तर्जुमा लिहून पाठवायची. अशा एका टिपणात ओयशा आपा ललिताच्या आयुष्यात आली. आपा म्हणजे मोठी बहीण. हा शब्द तिकडंही तसाच. ओयशा आपानं सोव्हिएत काळात सामूहिक शेतावर सारी उमर कापूस वेचला होता. तिचं बोलणं असं होतं:

"वेचणीच्या पहिल्या दिवशी आम्ही बायका उगवतीकडचा कोपरा सोडायचो. त्याला हात लावायचा नाही. ही बायकांची गोष्ट. पुरुषांना सांगायची नाही."

ललितानं ते वाचलं आणि तिच्या अंगावर काटा आला. चांदूर बाजारजवळ त्यांच्या वावरात तिची आई पहिल्या वेचणीला सीतादही करायची. धुऱ्याजवळच्या, म्हणजे बांधालगतच्या, झाडाखाली दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा निवद दाखवायचा, दही झाडांवर शिंपडायचं आणि मगच ओटी बांधून वेचायला लागायचं. पूजेच्या कोपऱ्यातली झाडं मात्र आई शेवटपर्यंत वेचू देत नसे. का म्हणून विचारलं तर म्हणायची, "तिचं तिले राहू दे." ती म्हणजे काळी माय.

कुठं मार्गिलान, कुठं चांदूर बाजार! आणि तिथंही बाया कोपरा राखतात, पुरुषांपासून लपवून राखतात! ललिताला वाटलं, एवढी वर्षं आपण एकटीनं ज्या दारावर थापा मारत होतो त्याच्या आतून कोणी तरी हाक दिली. तिनं त्यावर मोठा लेख लिहिला. सरकारनं देव बंद केले, पण बायकांनी कापसाच्या रानात एक कोपरा देवासाठी राखला, असं तिनं मांडलं. पुढं काही विचारायचं तिला सुचलंच नाही. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं वाटतं, ते माणूस विचारत नाही.

लेख परदेशातल्या एका मोठ्या बाईंनी उचलला. त्या मध्य युरेशियावरच्या अभ्यासाचा ग्रंथ सिद्ध करत होत्या आणि त्यात जगभरातले नावाजलेले लोक होते. बाईंनी लिहिलं, हा लेख जगात तुमच्याखेरीज कोणी लिहू शकलं नसतं, कारण तुम्ही स्वतः कापसाच्या रानातल्या आहात. ललितानं ते पत्र किती वेळा वाचलं कोण जाणे. या ग्रंथात नाव आलं की तिच्या अभ्यासाला जगात जागा मिळणार होती. पुढं कोणी तरी तिला बोलावणार होतं, कोणी तरी तिच्याशी वाद घालणार होतं. वाद घालायला माणूस मिळावं, यापरतं तिला काही नको होतं.

बाईंनी फक्त एकच गोष्ट विचारली होती. त्या कोपऱ्यात बायका नेमकं काय अर्पण करत, तेवढी एक ओळ घाला.

म्हणून ललितानं फोन लावला. मार्गिलानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धाच तास मागं. इकडं चार वाजले होते, तिकडं साडेतीन. पडद्यावर गुलनोरा दिसली आणि तिच्या शेजारी गादीवर बसलेली फुलाफुलांचा रुमाल बांधलेली म्हातारी. तोंडात सोन्याचे दात. ललिता रशियनमध्ये विचारायची, गुलनोरा उझबेकीत पोचवायची.

"आपा, तुम्ही कोपरा सोडत होता ना, तिथं काय ठेवायचात? दूध? भात? नान?"

म्हातारीनं गुलनोराकडं पाहिलं, मग पडद्याकडं.

"ठेवायचं? लेकरांना पाजायला दूध नव्हतं, बाई. कापसाला कोण पाजतं?"

ललिता हसली. तिला वाटलं, म्हातारी लाजते आहे. "मग कोपरा कोणासाठी सोडायचा?"

"आमच्यासाठी. शेवटच्या दिवसांसाठी. बोंडं संपली, थंडी पडली, तरी साहेबाला वजन पाहिजेच. जिचं कमी भरलं तिचं नाव सगळ्यांसमोर वाचायचे. माझ्या जावेचं वाचलं होतं, ती दोन दिवस जेवली नाही. मग आम्ही कोपरा राखायला लागलो. ज्या दिवशी जिचं कमी पडेल तिनं अंधारात जाऊन तिथलं वेचून आणायचं."

"आणि मुकादमाला कळत नव्हतं?"

"त्याची आई आमच्यातच होती की!" म्हातारी खो खो हसली. सोन्याचे दात चमकले.

ललितानं शेवटचं विचारलं. आवाज तिचा तिलाच बारीक लागला. "पूजा, प्रार्थना, असं काही नाही? मनातल्या मनात तरी?"

म्हातारी गुलनोराला बराच वेळ काही सांगत राहिली. गुलनोरा सांगायला कचरत होती. ललिता म्हणाली, सांग.

"ती म्हणते, ही बाई भली आहे, पण हिला कापूस आवडतो. मला नाही आवडत. मुलानं घरात कापसाच्या बोंडाचं चित्र असलेले पेले आणलेत. मी त्यातून चहा पीत नाही."

फोन ठेवल्यावर ललिता खुर्चीतच बसून राहिली. देवासाठी राखलेला कोपरा नव्हता तो. भीतीनं राखलेला होता. आणि त्या रानात सीतादही मांडून आलो होतो आपण.

दोन दिवसांनी ती भावाकडं गेली. खुशालराव वावरातून नुकताच आला होता, वहिनी गोदाबाई चूल फुंकत होती.

"आली रशियावाली," खुशालराव म्हणाला. "काय गं, तोंड काहून उतरलं तुह्यं?"

तिनं सगळं सांगितलं. घरात पहिल्यांदाच कोणी तिच्या कामाचं शेवटपर्यंत ऐकलं, तेही काम मोडल्यावर.

"मंग काय झालं?" खुशालराव म्हणाला. "म्हातारी इसरली असन. तू लिहिलं ते लिहिलं. तिथीसा जाऊन कोन पायते?"

"दादा, तिनं नाही म्हटलं न."

"म्हातारे मानसं शंभर गोष्टी म्हनतेत. आपली माय नाई म्हने का, का मले भूक नाई म्हनून?"

गोदाबाई चुलीपासून न उठताच म्हणाली, "ते भूक नाई म्हने अन् तुमी तिची भाकर खाऊन घ्या. आता ताईनं बी तसंच करावं म्हनता का?"

खुशालराव नळाखाली पाय धुवायला उठून गेला.

परदेशातल्या बाईंना ललितानं खरं कळवलं. त्यांचं उत्तर गोड होतं आणि तेच अवघड होतं. त्यांनी लिहिलं, एवढ्यानं लेख पडत नाही. भीती ही वरची गोष्ट असेल, खाली जुन्या रूढीचा अंश असू शकतो. स्वतः त्या बाईलाही त्याची जाणीव नसेल. असं एक वाक्य घाला आणि पाठवा, ग्रंथ छापायला निघाला आहे.

एक वाक्य! ललितानं ते लिहूनही पाहिलं. सुबक उतरलं. विद्वानांच्या भाषेत अशी वाक्यं जिथं तिथं सापडतात, कोणाला खटकत नाहीत. शेखर सरांना तिनं सहज विचारलं तर ते या खेपेला थट्टा न करता म्हणाले, "टाका न ते वाक्य, मॅडम. तुमचं इतक्या वर्षांचं काम हाय. एका म्हातारीपायी बुडवता का?"

त्यांनी ते कळवळ्यानं म्हटलं, म्हणून तिला जास्तच लागलं.

ती घरी आली आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. स्वतः त्या बाईलाही त्याची जाणीव नसेल. तिला ओयशा आपाची जाऊ आठवली, दोन दिवस न जेवलेली. एका सरकारनं त्या बायांना सांगितलं होतं, तुम्ही आनंदानं वेचता. आता आपण सांगणार, तुम्ही भक्तीनं राखत होता. त्यांनी काय सांगितलं ते दोघांपैकी कोणाच्याच कामाचं नव्हतं. तिनं वाक्य खोडलं. मग पानं एकेक करून वाचत गेली, आणि ज्या ज्या ठिकाणी चांदूर बाजार मार्गिलानात शिरलं होतं ते सगळं काढलं. मागं जे उरलं त्याचा लेख होत नव्हता. नव्यानं लिहायचं तर वर्ष जाणार होतं. तिनं बाईंना कळवलं, माझा लेख वगळा.

उत्तर आलं दोन ओळींचं. वाईट वाटलं, कळावे.

ग्रंथ निघाला. ललितानं त्याची अनुक्रमणिका पडद्यावर पाहिली. सगळी नावं ओळखीची होती, म्हणजे तिच्या ओळखीची. त्यांतलं कोणी तिला ओळखत नव्हतं. कॉलेजात कोणी काही विचारलं नाही, कारण असं काही होणार होतं हेच कोणाला ठाऊक नव्हतं. शेखर सरांनी मात्र एकदा तिच्यासाठी चहा मागवला आणि उझबेकांचं नाव काढलं नाही. तिला त्या थट्टेची उणीव भासली.

पौषात एका रविवारी दुपारी तिनं मार्गिलानला फोन लावला. गुलनोरा परगावी गेलेली. फोन ओयशा आपाच्या नातीनं उचलला आणि म्हातारीच्या हातात देऊन ती खेळायला पळाली. मधे आता कोणी नव्हतं. आपाला रशियन मोजकंच येत होतं, ललिताला उझबेकी त्याहून कमी.

"सलाम, आपा."

"सलाम, सलाम," म्हातारी म्हणाली आणि बोलत सुटली. ललिताला त्यातलं बाजार कळलं, अनार कळलं, हवा कळलं. बाकीचं निसटत होतं. पूर्वीची ललिता असती तर तिनं कळलेल्या तीन शब्दांवरून बाकीचं मनानं भरलं असतं. आता तिनं काहीच भरलं नाही. जिथं कळलं नाही तिथं, कळलं नाही, असं रशियनमध्ये म्हणत राहिली. म्हातारीला त्याची मौज वाटली. ती एकच गोष्ट मोठ्यानं, हातवारे करून, पुन्हा पुन्हा सांगू लागली. तरीही कळेना. शेवटी दोघीही हसल्या.

मग म्हातारीला आतून कोणी तरी बोलावलं असावं. तिनं फोन गादीवर उताणा ठेवला आणि गुडघ्यांवर हात देत उठून गेली. बंद करायचं तिच्या ध्यानात नव्हतं.

पडद्यावर आता मार्गिलानच्या एका खोलीचं छत होतं. निळं रंगवलेलं, एका कोपऱ्यात पोपडा सुटलेलं. लांबून भांड्याचा आवाज आला. कोणी तरी खोकलं. नात बाहेर काही तरी ओरडली आणि दुसऱ्या पोरीनं तिला उत्तर दिलं.

ललितानं उशी घेतली, भिंतीला टेकून बसली आणि त्या छताकडं पाहत राहिली. तिकडं चुलीवर पाणी उकळायला लागल्याचा आवाज येत होता.