बदलता न येणारा वायसर

"म्हणजे वायसर गेलाय," बाबा म्हणाले.

डॉक्टरीणबाईंचं पेन कागदावरच थांबलं. त्यांनी मूत्रपिंडातली चाळणी काढली होती, चाळणीवर पाय रोवून बसलेल्या पेशी काढल्या होत्या आणि एका पेशीच्या अंगाला एक इवलंसं दार. त्या सांगत होत्या, या दारातून कॅल्शियम आत जातं आणि दार मिटतं. तुमचं दार जन्मापासूनच गरजेपेक्षा जास्त वेळ उघडं राहतं. कॅल्शियम शिरत राहतं, पेशींचे पाय सुटतात आणि चाळणीतून रक्तातलं प्रथिन वाहून जातं.

"तसंच समजा."

"मग बदला की."

"लाखो पेशी आहेत काका, आणि प्रत्येकीत हाच वायसर. तो बंद ठेवणारी औषधं अजून प्रयोगातच आहेत. आणि तुमच्या चाळण्या आता उरल्यात किती?"

शेजारी बसलेल्या मुलीला हसू आलं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली. चाळीस वर्षं नळ दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळी वस्ती 'गळती' म्हणायची. "गळतीला बोलवा," म्हटलं की बाबा पान्यांची पिशवी घेऊन हजर. दुसऱ्याच्या घरातला ठिबकणारा थेंब त्यांना जिन्यात ऐकू यायचा. स्वतःच्या लघवीला मात्र सहा वर्षं फेस येत होता, तर म्हणायचे, भांडं मीच बसवलंय, धार जोरात पडते, फेस येणारच. मग संडास धुण्याचं औषध बदलून पाहिलं. पाय सुजले तेव्हा ते पाण्यात उभं राहून सुजले होते.

"माझं मूत्रपिंड दिलं तर?" मुलीने विचारलं.

"त्याला त्याचे वायसर असतात. आधी ते तपासावे लागतील."

हे दुसरं वाक्य दोघांनीही कानाआड केलं.

"तरण्या पोरीचा भाग काढून म्हाताऱ्याला लावायचा? असला धंदा मी कधी केला नाही," असं बाबा घरी येईपर्यंत बडबडत होते. पण आठवडाभराने त्यांनी सगळे पाने तेल लावून पुसले. बरं झाल्यावर लागतील म्हणाले.

तपासण्यांच्या निकालाला ती एकटीच गेली. रक्तगट जुळत होता. बाकीचंही सगळं जुळत होतं. दारही जुळत होतं.

"तुमच्याही लघवीत प्रथिन दिसायला लागलंय, थोडंसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकतीस वय ना? एक गोळी सुरू करू. रक्तदाब सांभाळा. दर महिन्याला नमुना द्या."

घरी बाबा भाजी निवडत बसले होते. "काय म्हणाल्या?"

"जुळत नाही."

"काय जुळत नाही?"

"रक्तगट."

"तुझा नि माझा एकच आहे. तुझ्या शाळेच्या कार्डावर मीच लिहिला होता." त्यांनी आणखी चार पानं खुडली. "तुलाही गोळ्या दिल्या का?"

तिने पर्स काखेत घट्ट धरली.

"आडात आहे ते पोहऱ्यात यायचंच," बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले. मग देठं गोळा करत म्हणाले, "आणि मी आपला मिरवत होतो, पोरीला माझं नाक आलंय म्हणून."

मग आठवड्यातून तीनदा डायलिसिसचं मशीन सुरू झालं. एकदा आत्या भेटायला आली, पलंगाशी बसली आणि भाचीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "पोटची पोर धडधाकट असताना बापाने सुया टोचून घ्यायच्या."

मुलीने तोंड उघडलं, पण बाबांनी मोकळा हात वर केला.

"तिला काही बोलू नकोस ताई. ती देतेय. मीच नको म्हटलंय."

"का रे?"

"जुन्या लाइनला नवा तुकडा जोडला की पुढचा सांधा गळतो. माझ्या कामातलं मला शिकवू नकोस."

हेच ते नर्सला सांगत, शेजाऱ्यांना सांगत, विचारेल त्याला सांगत. लोक म्हणायचे, गळती हेकट आहे. घरी ते सकाळी तिला एवढंच विचारत, "झालं का?" ती "हो" म्हणायची. 'गोळी' हा शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नाही.

ते आणखी चौदा महिने जगले.

भेटायला आलेल्यांना आत्याच सांगत होती, "पहिल्यापासून हट्टी. पोर देत होती, घेतलं नाही. काय मिळवलं?"

"हट्टीच होते," मुलगी म्हणाली आणि सगळ्यांना पाणी दिलं.

पुढच्या सोमवारी ती नमुना द्यायला गेली. खिडकीतली बाई नवीन होती. तिने पहिल्यापासून सगळं विचारलं.

"घरात आणखी कुणाला आहे हा आजार?"

"वडिलांना."

"उपचार कुठे घेतात?"

"आता नाही घेत."

बाईने मान हलवली, रकान्यात 'उपचार बंद' लिहिलं आणि बाटलीसाठी हात पुढे केला.