रंगवलेला बंब

मित्रांनो, मी एक जुना आगीचा बंब आहे. दोन चाकांचा, हाताने चालवायचा. इंदूरच्या पोलोग्राउंड भागातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि तिथून मी थेट शहरातल्याच एका कापडगिरणीत आलो. माझ्या पोटात चामड्याचा एक वायसर आहे. तो तेल पिऊन मऊ राहिला, तरच मला पाणी ओढता येते.

गिरणीचे फायरमन गोपीनाथ दर शनिवारी त्याला एरंडेल पाजत. एकदा कापूस पिंजायच्या खात्यात आग लागली, ती आम्ही दोघांनी पंधरा मिनिटांत विझवली. त्या दसऱ्याला मॅनेजरसाहेबांनी स्वतः मला झेंडूचा हार घातला. काय मान होता माझा!

मग गिरणी बंद पडली. फाटकाला कुलूप लागले. गोपीनाथ एका दवाखान्यात चौकीदारीला लागले. सात वर्षे मी धूळ खात उभा होतो. वर छताच्या कैच्यांवर, म्हणजे तिरप्या तुळयांवर, रुईचे म्हणजे कापसाचे तूस साचून राहिले होते. मला ते दिसत होते, पण सांगणार कुणाला?

एके दिवशी कुलूप उघडले. मध्यप्रदेशात शूटिंग करायला मुंबईहून सिनेमावाले आले होते. त्यांना गिरणीतल्या आगीचा प्रसंग हवा होता. गर्दीसाठी त्यांनी जुने कामगार आणि त्यांच्या घरची माणसे बोलावली. त्यांत गोपीनाथांची मुलगी शालिनी होती आणि सूतखात्यातल्या म्हाताऱ्या गंगूबाईही होत्या. सेटच्या सजावटीचे काम इंदुरातल्याच तुकोगंज भागातल्या अरविंदकडे होते. त्याने मला लालभडक रंग लावून घेतला.

शालिनीला सोडायला आलेले गोपीनाथ माझ्यापाशी थांबले. त्यांनी दांडा दाबून पाहिला. मी नुसताच फुसफुसलो.

"अरविंद भिया, हा आतून सुकलाय. पाणी नाही ओढणार."

"टेन्शन नका घेऊ न, काका! याला फक्त दिसायचंय. आग पण नकलीच आहे, गॅसची."

"आग नकली कशी असेल हो? वर बघा, छतात रुई भरलीय. ती आधी झाडून घ्या. दोन घंट्यांत मी वायसर बदलून देतो."

"उन्हाचा लाइट जातोय, काका. शॉट आत्ताच घ्यायचाय."

पहिल्याच भडक्यात एक ठिणगी वर गेली. तूस पेटले आणि आग छताखालून माणसांपेक्षा वेगाने पळाली. सगळे दारापाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे धावले. अरविंदने दांडा धरून जीव तोडून वरखाली केला. टाकी काठोकाठ भरली होती, तरी नळीतून थेंब आला नाही.

गोपीनाथ धुरात शिरले आणि शालिनीला ओढून बाहेर घेऊन आले.

"बाबा, गंगूबाई आतच राहिल्या!" ती ओरडली.

ते पुन्हा आत गेले. मग छत कोसळले. ती दोघे परत आली नाहीत.

चौकशीला आलेल्या साहेबांना अरविंद सांगू लागला, "सर, सेटवर बंब होता ना."

शालिनी पाना घेऊन आली. तिने माझे झाकण उघडून वायसर बाहेर काढला. बोटांत धरताच त्याचा चुरा झाला.

"असा होता बंब," ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या जिन्यात माझा एखादा लाल भाऊ टांगलेला असेल. तुम्ही रोज त्याच्यासमोरून जाता. उद्या सरांना विचारा, तो शेवटचा कधी तपासला होता? आणि त्यांना आठवत नसेल, तर तसेच वर्गात जाऊन बसू नका.