वासाचा रकाना

…आणि बाटलीच्या टोपणाच्या आतल्या बाजूला एकच थेंब, पडू की नको अशा बेतात.

करपलेलं दूध.

समितीच्या पत्रात 'पाच मिनिटे' एवढे दोनच शब्द ठळक छापलेले.

मातीचा. मातीचा. मातीचा. मातीचा.

त्याने आज शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली आहेत, फोटो काढायला निघाल्यासारखी.

थेंब पडला नाही. तिने टोपण घट्ट केलं, बाटली फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. काल शहराने मोऱ्यांतून, संडासांतून जे जे सोडून दिलं ते सगळं शुद्ध होऊन या बाटलीत आलं आहे आणि आता तिच्यातून पलीकडची खिडकी स्वच्छ दिसते. ही बाटली समितीपुढे ठेवायची, मग बोलायचं — नवे मीटर हवेत, टाक्यांत हवा सोडणारी नवी यंत्रं हवीत, निधी द्या. पाच मिनिटं. भाषणाचे दोन कागद. दुसऱ्याचा शेवटचा परिच्छेद तिने मागे दुमडून ठेवला आहे. तो वाचायचा की नाही, हे अजून ठरलेलं नाही. त्या परिच्छेदात तो आहे. म्हणजे माझा नवरा, ती मनात म्हणाली.

दूध त्याच्यापासून दोन हातांवर करपत होतं आणि तो पेपर वाचत होता. आठ महिने झाले. त्याला मोठा ताप येऊन गेला, त्यानंतरचा आठवडा. ती ओल्या केसांनी धावत आली, गॅस बंद केला, आणि काहीतरी खरमरीत बोलायला तोंड उघडलं तर तो मान वर करून म्हणाला, "अगं, दुधाकडे बघतेस ना?" घरभर धूर, वास असा की शेजारची बाई खिडक्या लावून घेत होती. आणि हा माणूस — हा, ज्याला सांडपाण्याच्या प्रकल्पावर सगळे नाकदार म्हणतात — हसरा, चष्मा कपाळावर…

"बघतेय," ती म्हणाली. आणि भांडं घासत बसली, खूप वेळ.

प्रकल्पावरचे ऑक्सिजनचे मीटर अकरा वर्षांपूर्वी बंद पडले. तेव्हापासून टाकीत घाण खाणारे जिवाणू नीट जगतायत की गुदमरतायत हे तो कठड्यावरून वाकून सांगतो. ठीक असेल तर ओल्या मातीचा वास, बिघडायला लागलं की आंबट, मग कुजकट. तिच्या प्रयोगशाळेचा निकाल यायला पाच दिवस लागतात. त्याच्या नाकाला पाच सेकंद. "मॅडम, तुमचा रिपोर्ट आला का? बरोबर आलाय ना, आमच्यासारखा?" असं दारातून ओरडायचा, आणि फिटर खो खो हसायचा.

नोंदवहीत शेवटचा रकाना वासाचा. तापानंतर त्यात रोज एकच शब्द आहे: मातीचा.

मग तिने टाकीकडची खिडकी उघडी ठेवायला सुरुवात केली. डबा खाताना सहज म्हटल्यासारखं म्हणायची, "आज जरा आंबूस येतंय, नाही का हो?" आणि तो घास चावत, "हो, मी म्हणणारच होतो." उठायचा, हवा वाढवायचा. इतकं सोपं. संसारात एकाचा चष्मा दुसऱ्याने शोधायचा, तसंच हे, असं ती स्वतःला समजावत होती, बहिणीच्या ऑपरेशनसाठी तीन दिवस जाऊन येईपर्यंत. परत आली तर फाटकातूनच कुजका भपकारा. तो टाकीजवळ उभा, वही छातीशी, शांतपणे लिहीत. त्या दिवसाचा नमुना मर्यादेच्या अगदी कडेला टेकला. आणखी एक दिवस गेला असता तर नदीच्या खालच्या अंगाला, जिथलं गाव तेच पाणी उचलून पितं…

"काय गं, पाठ झालं का?" आज सभेला जाताना, गाडी चालवत त्याने विचारलं.

"झालंय."

"घाबरू नकोस. आपण काही खोटं सांगत नाही."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. आपल्या भाषेत माणसाची सगळी अब्रू नेऊन नाकावर ठेवली आहे, हा काय चावटपणा — कान गेले तर यंत्र लावतात, डोळे गेले तर चष्मा, आणि नाक गेलं म्हटलं की माणूसच गेला. भरल्या सभेत बायकोने उभं राहून सांगायचं, याचं नाक गेलं. आणि पुढे? त्याला नोंदीच्या कामावरून काढतील, बागेला पाणी घालायला लावतील, आणि तो झाडांनाही तितक्याच मायेने वाकून बघेल. याचीच जास्त भीती वाटते मला.

सभागृहात पंखे होते, खुर्च्यांना गाद्या होत्या. तिने बाटली टेबलावर ठेवली तिथेच चुकलं. अध्यक्षबाईंनी ती उजेडात धरली, शेजारच्या सदस्यांना दाखवली.

"उत्तमच आहे की! आमच्या नळालासुद्धा असं येत नाही."

हशा.

"बाई, निधीचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांचं पाणी मर्यादेबाहेर जातं त्यांना आधी. तुमचं एकदाही गेलेलं नाही. मग अडचण काय?"

"म्हणजे नापास व्हायची वाट बघायची का आम्ही?" तिला वाटलं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. "आमचे मीटर बंद आहेत. सगळा प्रकल्प एका माणसाच्या नाकावर चाललाय."

"ते गृहस्थ आहेत ना अजून कामावर?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

सगळ्या माना मागे वळल्या. तो अर्धवट उठला, खुर्चीला पाय अडखळला, बसला.

"वही आणलीय का? बघू."

त्यानेच पुढे येऊन वही तिच्या हातात दिली, खूण घातलेलं पान वर. आजचं. सकाळी सहाची नोंद, त्याच्या नीटस अक्षरात: तापमान, पातळी, चालू यंत्रं. मीटरच्या रकान्यांत आडव्या रेघा. जे उपकरण बंद आहे त्याचा रकाना रिकामा सोडायचा नसतो, रेघ मारायची असते. त्याचीच शिस्त, अकरा वर्षांची.

वासाच्या रकान्यात रेघ होती.

पट्टी लावून मारलेली.

म्हणजे… 'मी म्हणणारच होतो', घास चावत… म्हणजे ती खिडकी कशासाठी उघडी आहे हे त्याला — किती दिवसांपासून? मी त्याला झोपलेल्या मुलासारखं खांद्यावर घेऊन चालले होते, पाय न वाजवता, आणि तो डोळे मिटून जागा होता, मला ओझं वाटू नये म्हणून अंग सैल सोडून. की आजच, पहाटेच ठरवलं त्याने? की माझ्या टेबलावर तो दुमडलेला कागद वाचला? राग आला. हसूही येत होतं, सभेत येऊ नये तसं, पोटातून. आणि त्याच्याही खाली कुठेतरी फार हलकं, कठड्याला टेकल्यासारखं काहीतरी.

"बोला ना बाई, दीड मिनिट राहिलंय."

तो छताकडे बघत होता, तिथला पंखा दुरुस्तीला आला असावा अशा चेहऱ्याने. तिने दुमडलेला कागद उलगडला. त्यावरचं एक वाक्यही आता जसंच्या तसं वाचण्यासारखं राहिलं नव्हतं.

नोकरीच्या पहिल्या दिवशी टाकीच्या कठड्याशी त्याने मला विचारलं होतं, पोहता येतं का, आणि मी हो म्हणाले होते, येत नव्हतं; तेही त्याला तेव्हाच कळलं असणार.