न विसळलेली बाटली

आरोग्य केंद्राच्या क्षमाने पिशवीतून पाणी तपासायची बाटली काढून भाऊसो शेंडगेंच्या ओट्यावर ठेवली. ती हात पुसते न पुसते तोच भाऊसोंच्या बायकोने, बनाबाईंनी बाटली उचलली, चिमूटभर राख घेतली आणि तळाला चिकटलेला तपकिरी कागद बोटाने खरवडायला सुरुवात केली.

“अहो मावशी! काय करताय?”

“आगं, तळाला घाण लागलीया. धुवून देत न्हाईत व्हय तुमच्यात?”

“घाण नाही, औषध आहे ते! पाण्यात वाईट जंतू असले की त्यानंच पाणी काळं पडतं.” क्षमा मटकन ओट्यावर बसली. “म्हणजे मागची बाटलीसुद्धा...?”

“ती तर चिंच लावून घासली हुती.”

मागची बाटली क्षमाने शिपायाबरोबर पाठवली होती आणि बनाबाईंनीच ती भरून दिली होती. सांगलीच्या प्रयोगशाळेत दोन दिवस ठेवूनही ती नितळच राहिली. तिच्याच जोरावर भाऊसो शेंडगे विहिरीत क्लोरीनची पावडर टाकू देत नव्हते. शेंडगेवस्तीत घरं अकरा, विहीर एक, आणि ती भाऊसोंच्या वडिलांनी खणलेली. वस्तीत कावीळ फिरत होती. शेजारची क्रांती सात महिन्यांची गरोदर. तिच्या नवऱ्याचे डोळे कालच पिवळे झाले होते.

“तात्या, क्रांतीला झाली तर जिवावर बेतेल,” क्षमा म्हणाली.

भाऊसो बाजेवर लवंडले होते. “मॅडम, हे पाणी पिऊन आमचा म्हातारा एकशेआठव्या वर्षी बाभळीवर चढला. खाली उतरायचंच इसारला, म्हणून गेला. न्हाईतर आजून असता! आन् आमच्या घरात हाय का कुणी पिवळं? दावा की!”

ते खरंच होतं. विहीर तीच, पोहरा तोच, आणि हे एकच घर ठणठणीत.

“मावशी, मागच्या बाटलीत भरलेलं पाणी विहिरीचंच होतं ना?”

“व्हय की. उकळून गार केल्यालं. सरकारी पाव्हण्याला कच्चं कसं द्यायचं?”

“कच्चं?” भाऊसो उठून बसले.

बनाबाई बाटलीवरची राख पदराने पुसत राहिल्या. “आवं, तुमास्नी तरी कवा कच्चं दिलंय? थोरली पोर हगवणीनं गेली, तवापास्नं उकळतीया. पहाटं, तुमी मेंढरांकडं गेला की.”

“चाळीस वरसं झाली त्याला. मला बोलली न्हाईस.”

“इहिरीचं सांगाया लागला की तुमचं त्वांड कसं फुलायचं! म्हणलं, ऱ्हाऊ दे.”

“आन् शेजारपाजारच्यांस्नी?”

“सांगितलं की. हसल्या समद्या. म्हणल्या, भाऊसोच्या इहिरीचं पाणी आन् उकळायचं?”

पायांत वहाणा सरकवून भाऊसोंनी क्षमापुढे हात केला. तिने पिशवीतली तिसरी बाटली त्या हातावर ठेवली. ते एकटेच विहिरीवर गेले, पोहरा टाकला आणि न विसळता, न गाळता बाटली खुणेपर्यंत भरून आणली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाटली काजळीसारखी काळी झाली. वस्ती भोवती जमली. कुणीतरी म्हणालं, “तात्या, आता काय सांगताय?” क्षमाने मापून दिलेली पावडर भाऊसोंनी बादलीत कालवली, निवळू दिली आणि वरचं पाणी स्वतःच्या हाताने विहिरीत सोडलं. विहिरीपासून पंधरा पावलांवर संडासाचा खड्डा होता. तो कुठे हलवायचा, हेही त्यांनीच पावलं मोजून दाखवलं.

पाण्याची पुन्हा तपासणी होईपर्यंत सगळ्यांनी उकळूनच प्यायचं, असं क्षमा बजावून गेली. त्या संध्याकाळी भाऊसो खांद्यावर कळशी घेऊन क्रांतीच्या दारात उभे राहिले.

“तात्या, तुमच्या इहिरीचं व्हय?” क्रांतीने बिचकत विचारलं.

“न्हाई.” त्यांनी कळशी अलगद खाली ठेवली. लग्नातला उखाणा सोडला, तर चारचौघांत त्यांनी बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं. “बनाबाईच्या चुलीवरचं हाय. बिनघोर पी.”

मागून दुसरी कळशी घेऊन येणाऱ्या बनाबाई अंगणातच थबकल्या. कळशी डचमळली, तरी त्यांनी ती सावरली नाही.