सुमितचं ताट

रक्तपिशाच्चाचा सिनेमा बघायला नीता जन्मात गेली नसती. पण खालच्या मजल्यावरच्या पार्क आजी, तरुणपणी नर्स म्हणून कोरियाहून जर्मनीत आलेल्या, तिला हाताला धरूनच घेऊन गेल्या. र्युसेल्सहाइम या त्यांच्या गावातल्या थिएटरात कोरियन सिनेमांचा आठवडा चालू होता, आणि हिला घराबाहेर काढायला त्यांना काहीतरी निमित्त हवंच होतं.

नीताचा मुलगा सुमित आदल्या वर्षी तापाने गेला. तेव्हापासून ही बाई रोज संध्याकाळी आधी त्याचं ताट वाढायची. वरणभात आणि कारल्याची भाजी. हो, कारलं आवडणारं पोर, जगावेगळंच! ताट फोटोपुढे ठेवून नैवेद्यासारखं पाणी फिरवायचं. आणि अन्न काही टाकवत नाही, म्हणून मग ते गार झालेलं ताट धाकट्या ऋचापुढे सरकवायचं. नवऱ्याने, प्रतापने, एकदोनदा समजावून पाहिलं. पण लेकराला उपाशी कसं ठेवू, असं ती म्हणाली की तो आपला जेवायला बसायचा. तो तरी काय करणार बिचारा!

सिनेमात ना सुळे, ना वटवाघळं. मेलेल्या मुलीसाठी आई दार उघडं ठेवते, मुलगी खरंच येते, आणि तिला लागतं रक्त. आई स्वतःचं मनगट पुढे करते. ते पुरेना, तेव्हा धाकट्या मुलाला हाक मारते. मुलगी रडून नको नको म्हणते, तर आई तिची हनुवटी धरून, एवढा एकच घोट म्हणत पाजते. मुलगा निमूट हात पुढे करून बसलेला.

नीताला पुढे बघवेना. पार्क आजींच्या कानाशी कसंबसं काहीतरी पुटपुटून ती तडक घरी आली.

ऋचा टेबलाशी गृहपाठ करत होती. वाळून केवढीशी झाली होती पोर! आपलं लक्ष कुठे होतं, असं नीताला वाटलं. तिने जवळ बसून विचारलं, आज तुझ्या आवडीचं काय करू?

ऋचा कारलं म्हणाली.

"ते दादाचं गं. तुला काय हवं?"

ऋचाने पेन्सिल खाली ठेवली. "पण आई, मी ते नाही खाल्लं तर दादाच्या पोटात कसं जाणार?"

नीताने तिला घट्ट कुशीत घेतलं.

"दादाला आता भूक लागत नाही, बाळा," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने पहिलं ताट फोटोपुढे न ठेवता गरमगरमच ऋचाला वाढलं. आणि मग, सुमित गेला त्या दिवशीही रडली नव्हती इतकी रडली.